घराण्याचा रोग आणि रक्ताची चाचणी



ज्या गुरुजींच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांचे काही विद्यार्थी आज माझ्यासमोर बसले आहेत. त्यामुळे विषय सोपा करण्याच्या नादात मी तो खोटा करणार नाही. जिथे अवघड आहे तिथे अवघडच सांगेन.

मला दिलेला प्रश्न असा आहे: पुढे कोणता रोग होण्याचा धोका आहे हे सांगणारी जनुकीय चाचणी करून घ्यावी का? हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. आखातात नाहीतर बोटीवर नोकरीला असलेला मुलगा फोन करतो, ‘आई-बाबांची जीन टेस्ट करून घ्या, सवलत चालू आहे.’ थुंकीची डबी घरपोच येते, कुरियरनं परत जाते आणि काही आठवड्यांनी फोनवर रंगीत अहवाल येतो. हृदयविकार लाल, मधुमेह नारिंगी, स्मृतिभ्रंश पिवळा. मग तो फोन हातात धरून माणसं माझ्या दवाखान्यात येतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, आता काय करायचं?’

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेकांनी ही चाचणी करू नये. थोड्यांनी मात्र जरूर करावी, आणि वेळ न दवडता करावी. त्या थोड्यांत आपण येतो की नाही हे कळायला सुरुवातीला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून बोलावं लागतं.

आपल्याकडे गोव्यात वंशावळ नाही असं घर विरळा. देवस्थानच्या महाजनकीसाठी ती लागते, जमिनीच्या वाटणीसाठी लागते. अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्माची नोंद शोधत माणसं कचेऱ्यांत किती खेटे घालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण या वंशावळी नीट पाहा. मुलगे, मुलग्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुलगी दिली की तिची रेघ तिथेच थांबते. ती कशानं गेली, कितव्या वर्षी गेली, हे माहेरच्या कागदात नसतं आणि सासरच्या कागदात तिचं माहेर नसतं.

डॉक्टर जी वंशावळ काढतात ती वेगळी असते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी असेल तर आकृती भरायची, वारली असेल तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची, आणि ज्या माणसासाठी हे चाललंय त्याच्याकडे बाण दाखवायचा. कागद कोणताही चालतो. मी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर काढते.

असा एक कागद तुमच्यापुढे ठेवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. याच पेडणे तालुक्यातली अडतीस वर्षांची बाई, स्तनाचा कर्करोग. सोबत आई, धाकटी बहीण आणि भाऊ. मी विचारलं, घरात आधी कुणाला कर्करोग? सगळे एका सुरात म्हणाले, कुणालाच नाही. मी आईच्या बाजूचे गोल काढले, सगळे रिकामे. मग वडिलांच्या बहिणी विचारल्या. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, ‘माझ्या थोरल्या नणंदेच्या पोटात पाणी झालं होतं, त्यातच ती गेली. पण ती डिचोलीला दिलेली.’ आणि धाकटी? ‘तिच्या छातीत गाठ होती म्हणत. ती दोडामार्गला असायची.’ दोघी पन्नाशीच्या आत गेल्या होत्या. पोटात पाणी होणं हे अंडाशयाच्या कर्करोगाचं एक लक्षण आहे. दोन गोल भरले, आणि त्यांच्या मधोमध वडिलांचा चौकोन रिकामा राहिला. वडील धडधाकट होते. पण दोष त्यांच्याकडूनच खाली आला असणार, हे त्या कागदावर कुणालाही दिसलं असतं.

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांतच तो असा घराण्यातून आलेला असतो. बाकीच्यांना या चाचणीतून फारसं काही मिळत नाही. पण या पाच-दहांसाठी ती फार मोलाची आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी या रोगाशी जोडलेलं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर कुठे असावं हे दाखवलं, आणि १९९४ साली ते हाती लागलं. त्याला बीआरसीए-१ म्हणतात. त्यात दोष असलेल्या स्त्रियांमध्ये ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा सुमारे ४४ टक्के, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तो अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांचा आहे. आपल्याकडचा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो, पण धोका मोठा आहे यात शंका नाही. दोष आई किंवा बाप यांपैकी कुणाकडूनही येऊ शकतो, आणि प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पैसे वाया जातात ते इथेच. चाचणी आधी आजारी माणसाची करायची, धडधाकट माणसाची नव्हे. आजारी बहिणीत नेमका दोष सापडला, की बाकीच्यांत फक्त तोच दोष शोधायचा. त्याला खर्च कमी येतो आणि उत्तर स्वच्छ मिळतं: आहे किंवा नाही. आजारी माणसाला बाजूला ठेवून तुम्ही धडधाकट बहिणीची चाचणी केलीत आणि काही सापडलं नाही, तर त्याला अर्थ नाही. कदाचित दोष अशा ठिकाणी असेल जिथे कुणी पाहिलंच नाही. अशा निश्चिंतीच्या भरात गाठ हाताला लागूनही दुर्लक्ष होतं.

त्या अडतीस वर्षांच्या थोरल्या बहिणीचं रक्त मुंबईला गेलं आणि दोष सापडला. तिचे उपचार त्याप्रमाणे ठरले. आता प्रश्न बाकीच्या दोघांचा होता. भाऊ म्हणाला, ‘डॉक्टर, हा बायकांचा रोग. मला काय त्याचं?’ मी त्याला तो रिकामा चौकोन दाखवला. त्याला चार वर्षांची मुलगी होती. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

धाकटी सत्तावीस वर्षांची, लग्न ठरायचं होतं. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हिची टेस्ट लग्न होईपर्यंत नको. कुणाच्या तरी तोंडून बाहेर जाणारच.’ या आईला अडाणी म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला ती अडाणी वाटली नाही. तिला आपला गाव माहीत होता. शिवाय वैद्यकशास्त्रही तिच्या आड येत नव्हतं. ज्या घरात दोष सापडला आहे तिथल्या मुलीला चाचणी न करताही धोका आहे असं धरून चालता येतं. तिची दरवर्षी तपासणी आणि एमआरआय आम्ही सुरू केलं. अंडाशय काढून टाकण्याचा निर्णय अशा स्त्रियांत मुलंबाळं झाल्यावर, पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान घ्यायचा असतो. तोपर्यंत तिच्या हाती वेळ होता. पुढे लग्न ठरलं तेव्हा तिनं स्वतः त्या मुलाला सगळं सांगितलं आणि मग रक्त दिलं. निकाल काय आला ते मी इथे सांगणार नाही. तो तिचा आहे.

आपल्या पेडण्यात आणि डिचोलीत कौल लावायची रीत आहे. देवाला पाकळ्या लावतात, प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडतात आणि उजवी पडते की डावी ते बघतात. प्रश्न मोघम असेल तर जाणता माणूस कौल लावूच देत नाही. आधी विचारतो, उजवी पडली तर काय करशील, डावी पडली तर काय करशील? रक्त देण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा. दोन्ही निकालांनंतर तुम्ही तेच करणार असाल, तर चाचणी कशाला?

जनुकांच्या चाचणीत तिसरीही शक्यता असते, पाकळी पडतच नाही. अहवालात लिहिलेलं असतं, बदल सापडला पण त्याचा अर्थ निश्चित नाही. असे निकाल आपल्या लोकांत जास्त येतात, कारण जगातला जनुकांचा साठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. एखादा बदल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निरुपद्रवी असेल, पण त्या साठ्यात तो नसला की संशयित ठरतो. दहा हजारांहून अधिक भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जीनोम इंडिया प्रकल्पानं गोळा केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांना खुली झाली. त्यानं हळूहळू फरक पडेल. तोवर अर्थ न लागलेल्या बदलावरून कुणी स्तन किंवा अंडाशय काढून टाकायला निघालं, तर त्यांना हात धरून थांबवा. अशा बदलावर शस्त्रक्रिया करायची नसते.

आता त्या रंगीत अहवालातल्या मधुमेहाकडे येऊ. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. वीस वर्षांवरच्या चार माणसांत एकाहून जास्त. या सभागृहात हिशेब करा. हा रोग एका जनुकानं होत नाही. शेकडो जनुकांतले बारीक बदल प्रत्येकी थोडाथोडा भार टाकतात, आणि त्यावर कमरेचा घेर, बसून काढलेले दिवस, झोप आणि ताटातला भात यांचा भार त्याहून मोठा असतो. अहवाल सांगतो तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे. अहो, गोव्याची सरासरीच देशात सगळ्यांत वर आहे! आई-बापाला मधुमेह आहे आणि तुमचा पट्टा एक भोक पुढे गेला आहे, एवढं कळलं तरी पुरेसं आहे. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी पाहा. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली दाखवून दिलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांनी आहार आणि चालणं सुधारलं तर रोग होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटतं. त्यासाठी कुणाचंही जनुक तपासावं लागलं नव्हतं. थुंकीच्या डबीचे पैसे बाजूला काढा आणि बरे बूट घ्या.

हृदयाचंही बरंचसं तसंच. आपल्या देशात एक बदल सापडला आहे, एमवायबीपीसी-३ नावाच्या जनुकातला डीएनएच्या पंचवीस अक्षरांची गळती. हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. थंगराज आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली दाखवलं की तो भारतीयांपैकी सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि हृदयाचे स्नायू कमजोर होण्याशी त्याचा संबंध आहे. चार टक्के म्हणजे काही कोटी माणसं. पण त्यांतले कितीतरी म्हातारपणापर्यंत तसेच फिरतात. घरात कुणी तरुणपणी अचानक कोसळलं असेल, तर भावंडांचा ईसीजी आणि एको करा. जनुक नंतर पाहता येईल. रक्तातलं कोलेस्टेरॉल तरुणपणीच खूप वर असेल, तर त्याची गोळी आजच सुरू होते, जनुकाच्या नावावाचून.

आणि ज्या रोगावर हातात काहीच नाही, त्याचं काय? डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्या जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जनुकसंच २००७ साली वाचला गेला. त्यांनी एकच अट घातली होती, स्मृतिभ्रंशाच्या धोक्याशी जोडलेल्या एपीओई जनुकाचं पान मला दाखवू नका. त्यांच्या आजीला तो आजार होता. ज्याला या विषयातलं सगळ्यांत जास्त कळत होतं, त्यानं ते पान बंद ठेवलं. न कळण्याचा हक्कही माणसाचाच असतो, आणि तो मुलांनी आई-बापांसाठी डबी मागवून परस्पर हिरावून घ्यायचा नसतो.

काही चाचण्या मात्र मला प्रत्येक घरात व्हायला हव्या आहेत. पहिली थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्या देशात शंभरातल्या तीन-चार जणांच्या अंगी हा दोष असतो, आणि त्यांना त्रास काहीच नसतो. अशा दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, की मूल जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त घेत राहील. देशात अशी दहा हजारांवर मुलं दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे. साध्या रक्ततपासणीत तांबड्या पेशी लहान दिसल्या की एचबीए-२ या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजायचं, झालं. आपल्याकडे जातीतल्या जातीत, ओळखीच्या चार घरांत लग्नं होतात. पिढ्यान्‌पिढ्या असं चालल्यामुळे दक्षिण आशियातल्या कितीतरी समाजांत विशिष्ट दोष साठत गेले आहेत, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अडीचशेहून जास्त समाजांच्या अभ्यासात दिसलं. कोणत्या समाजात कोणता, याची यादी मी देणार नाही, त्यानं फक्त बोटं दाखवली जातात. सगळ्यांनीच तपासावं, एवढंच. गोव्यात लग्नाची नोंदणी सगळ्यांनाच करावी लागते आणि तिच्या दोन सह्या असतात. पहिल्या सहीच्या आधी दोघांनी हे रक्त तपासावं. सरकारनं सक्ती करू नये असं माझं मत आहे. वाहक असणं हा आजार नव्हे आणि लग्न मोडायचं कारणही नव्हे. गर्भ लहान असतानाच तपासणी करता येते.

दुसरी नवजात बाळाची. २००८ साली गोवा सरकारनं बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी सुरू केली, तेव्हा देशात राज्यपातळीवर असं करणाऱ्यांत आपण पुढे होतो. त्यात जन्मजात थायरॉइडची कमतरता कळते. साधारण हजारात एका बाळाला ती असते आणि ती बहुतेक वेळा आनुवंशिक नसते, पण तर्क तोच आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखं शाळेत जातं, उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. जी-६-पीडी या विकराची कमतरताही त्यातच कळते, ती मात्र आनुवंशिक. अशा मुलाला पुढे मलेरिया झाला तर प्रायमाक्विन देताना जपावं लागतं. बाळंतपण कुठेही होवो, हे थेंब घेतले का, एवढं विचारा.

आता निकालाच्या गुप्ततेबद्दल बोलणार आहे, त्यासाठी गोव्याची एक जखम उघडावी लागते. पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हापशाला पोलिसांनी त्याला बोलावून ताब्यात घेतलं. आपल्याला काय झालंय हे त्याला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तेव्हा नुकतीच दुरुस्ती झाली होती, तिच्या आधारे क्षयरोग्यांच्या ओस पडलेल्या इमारतीत त्याला पहाऱ्यात ६४ दिवस ठेवलं. त्याच्या आईनं, लुसी डिसोझा यांनी, उच्च न्यायालयात दाद मागितली. तो बाहेर आला, पण कायद्यातलं ते कलम न्यायालयानं रद्द केलं नाही. १९९२ साली तो गेला. जाण्याआधी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्यानं उभी केली.

एचआयव्ही आनुवंशिक नाही, हे मला माहीत आहे. पण चाचणीचा कागद माणसाच्या आधी दुसऱ्याच्या हातात पडला तर काय होतं, हे गोव्यानं पाहिलं आहे. एचआयव्हीसाठी पुढे २०१७ साली केंद्राचा कायदा झाला: संमतीवाचून चाचणी नाही, संमतीवाचून वाच्यता नाही. जनुकांसाठी तसा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. विम्याच्या बाबतीत २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं हृदयाच्या आनुवंशिक आजाराच्या एका प्रकरणात, आनुवंशिक म्हणून सरसकट दावा नाकारणं घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे असं म्हटलं. पण प्रत्येक पेडणेकराला दावा मिळवायला दिल्लीच्या न्यायालयात जाता येणार नाही. आणि थुंकी घेणाऱ्या कंपन्यांचं म्हणाल, तर अमेरिकेतली ट्वेंटीथ्री अँड मी ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी. २०२३ मध्ये तिच्या लाखो ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पासवर्ड बदलता येतो, आजीकडून आलेलं जनुक बदलता येत नाही, आणि ते तुमच्या एकट्याचं नसतं. तुमच्या भावाचं, पुतणीचंही तेच असतं. त्यांना न विचारता ते पाठवताना थांबा.

म्हणून मी आज दोन मागण्या करते. पहिली तुमच्याकडे. येत्या चतुर्थीला सगळं घर गावात येईल, तेव्हा एक कागद घ्या आणि आजी-आजोबांपासून सगळ्यांची नावं लिहा. दिलेल्या मुलींची आधी लिहा. कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं, पोटात पाणी होतं का, छातीत गाठ होती का, झोपेतच गेला का, लहानपणी गेलेली मुलं किती. पन्नाशीच्या आत एकाच बाजूच्या दोघा-तिघांना कर्करोग झालेला दिसला, कुणी तरुण वयात अचानक कोसळलेलं दिसलं, एकाच आजाराची मुलं पुन्हा पुन्हा दिसली, तर तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा. असं काही नसेल, तर कागद जपून ठेवा आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासत राहा.

दुसरी मागणी सरकारकडे. चाचणीच्या आधी तासभर बसून या गोष्टी समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक पेडणे आणि डिचोली तालुक्यांत महिन्यातून एक दिवस तरी यायला हवा. आज आमच्याकडचं रक्त मुंबई-बंगळूरला जातं आणि उत्तर इंग्रजीत फोनवर येतं. तुयेच्या इस्पितळासाठी पेडणे तालुक्यानं किती चिकाटी धरली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याच इस्पितळात अशी एक खोली, दार लागणारी, गोवा मेडिकल कॉलेजातून येणारा जाणता माणूस आणि मराठी-कोकणीतून दिलेलं उत्तर. त्यासाठीचं निवेदन कार्यकर्त्यांनी तयार केलं आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आहे. सही करण्याआधी वाचा. त्यातलं शेवटचं कलम मी आग्रहानं घालायला लावलं आहे: निकाल फक्त ज्याचा त्यालाच द्यावा, घरच्यांनाही परस्पर देऊ नये.